जुन्या मोटरबोटीच्या सीट बदलताय? आधी सीटच्या खाली बघा

पुण्याला समुद्र नाही, पण पाणी आणि बोटी दोन्ही आहेत. शहरात मुळा नदीवर सीओईपीच्या विद्यार्थ्यांची रेगाटा १९२८ पासून होते. रॉयल कॅनॉट बोट क्लब तर १८६८ सालचा. त्या वल्ह्यांच्या नावा झाल्या. इंजिनच्या बोटी दिसतात त्या शहराबाहेर: पानशेत, मुळशी, पवना, उजनी अशा जलाशयांवर. यातल्या बऱ्याच बोटी फायबरच्या असतात. फायबर टिकतं, इंजिन दुरुस्त होतं किंवा बदलता येतं, पण सीट त्याच्या कितीतरी आधी जातात. रेक्झीन तडकतं, शिवण उसवते, आतला स्पंज काळा पडतो आणि बसल्याबसल्या कपडे ओले होतात.

मग सीट काढून रिक्षाच्या किंवा गाडीच्या सीट शिवणाऱ्या कारागिराकडे नेल्या जातात. काम झटपट होतं, सीट नव्यासारख्या दिसतात आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तीच अवस्था होते. गाडीची सीट आणि बोटीची सीट दिसायला सारखी असली तरी त्यांचं काम वेगळं असतं. शिवाय बोटीच्या सीटखाली अनेकदा असं काहीतरी असतं, जे चुकून काढून टाकलं तर बोट बुडण्याचा प्रश्न उभा राहतो.

सीटच आधी का खराब होते?

याला तीन कारणं आहेत: ऊन, पाणी आणि हवा न लागणं.

रेक्झीन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी रसायनं घातलेली असतात. उघड्या बोटीत एप्रिल-मेचं ऊन दिवसभर लागलं की ही रसायनं हळूहळू निघून जातात. रेक्झीन कडक होतं आणि जिथे रोज वजन पडतं तिथे तडकतं. ऊन दोऱ्यालाही खातं. त्यामुळे रेक्झीन शाबूत असूनही शिवण उसवलेली अशी सीट बऱ्याचदा दिसते.

तडकलेल्या जागेतून आणि शिवणीच्या भोकांतून पाणी आत जातं. साध्या गादीचा स्पंज पाणी शोषतो. वरून रेक्झीन आणि खालून प्लायवूड असल्यामुळे ते पाणी वाळत नाही. आत बुरशी धरते, प्लायवूडचे थर सुटतात आणि लोखंडी स्टेपल गंजून तुटतात. वरून फक्त एक चीर दिसत असते, पण आतलं सगळं गेलेलं असतं. म्हणून फाटलेल्या जागी ठिगळ लावून काम भागत नाही.

ओल्या स्पंजचं वजन किती?

४५ सेंटीमीटर लांब, तितकीच रुंद आणि १० सेंटीमीटर जाड अशी एक गादी घेऊ. तिचं आकारमान साधारण २० लिटर होतं. घनमीटरला ३२ किलो घनतेचा स्पंज वापरला असेल तर कोरडी गादी जेमतेम ६५० ग्रॅम भरते. ती अर्धी जरी पाण्याने भरली, तरी तिचं वजन १० किलोच्या वर जातं.

अशा सहा सीट असतील तर बोटीत ६० किलो पाणी कायमचं बसलेलं आहे. म्हणजे एक जास्तीचा प्रवासी, जो कुणीच मोजत नाही. हे वजन तळाशी नसून सीटच्या उंचीवर असतं, त्यामुळे बोट जास्त डुलते. बोट पूर्वीसारखी पळत नाही, पेट्रोल जास्त खाते अशी तक्रार असेल तर इंजिन उघडण्याआधी एक सीट काढून वजनकाट्यावर ठेवून बघावी.

सीटखालचा डबा रिकामा का करू नये?

लहान फायबरच्या बोटीत सीटखाली बंद डबे असतात. काहींमध्ये फोम ओतलेला असतो, काहींमध्ये थर्माकोलचे ठोकळे बसवलेले असतात. सीट बदलताना हा भाग उघडा पडतो. ‘जुना कचरा’ काढून तिथे सामान ठेवायची सोय करावी असं वाटणं साहजिक आहे. पण हा कचरा नव्हे. बोटीत पाणी भरलं तरी ती तळाला जाऊ नये म्हणून ही तरंगण्याची सोय केलेली असते.

तिचा हिशेब ढोबळमानाने असा मांडता येतो. समजा बोटीच्या सांगाड्याचं वजन ३०० किलो आहे. फायबर पाण्याच्या साधारण दीडपट जड असतं. त्यामुळे पाण्यात बुडाल्यावर सांगाडा सुमारे २०० किलो पाणी बाजूला सारतो आणि उरलेला १०० किलो भार दुसऱ्या कशाने तरी तोलावा लागतो. इंजिनसाठी ४० किलो धरू. पाण्यात पडून बोटीला धरून राहिलेल्या सहा माणसांसाठी प्रत्येकी १० किलोप्रमाणे ६० किलो. बेरीज झाली २०० किलो. पाणी न शोषणारा एक लिटर फोम जवळजवळ एक किलो भार उचलतो. म्हणजे साधारण २०० लिटर फोम हवा.

४५ बाय ४५ बाय ४० सेंटीमीटरच्या एका डब्यात ८१ लिटर मावतात. म्हणजे असे तीन डबे रिकामे केले की ही सगळी सोय संपली. बोट तशी चांगली चालते, म्हणून हा बदल एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही. तो कळतो फक्त पाणी आत आल्यावर.

जलाशयाचं पाणी शांत दिसतं, पण ते तसंच राहील याची खात्री नसते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. अशा प्रसंगी लोकांना धरायला काही उरतं का, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो. अर्थात सीटखालचा फोम म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. जॅकेट अंगावरच हवं.

आत थर्माकोल असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतं. टाकी किंवा पेट्रोलची नळी जवळ असेल आणि गळती झाली असेल, तर ठोकळ्यांच्या जागी चिकट गोळा सापडतो. जुना ओतीव फोमही वर्षानुवर्षं पाण्यात राहून जड झालेला असू शकतो. अशा वेळी तो काढावा, पण जेवढा काढला तेवढ्याच आकारमानाचा बंद छिद्रांचा फोम परत बसवावा. ठोकळे पक्के अडकवावेत. सुटे ठेवले तर पाणी भरल्यावर ते तरंगत बाहेर निघून जातात आणि बोट खाली जाते.

आधी तपासणी, मग कात्री

सीट बोटीतून काढण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो काढावेत. प्रत्येक सीटला आणि तिच्या जागेला एकच नंबर द्यावा. दिसायला सारख्या दोन सीटची भोकं बहुतेकदा जुळत नाहीत.

त्यानंतर सीट जिथे बसते ती फरशी तपासावी. रबरी हातोडीने किंवा नाण्याने ठोकत जावं. टणक आवाज आला तर आतलं लाकूड ठीक आहे. बद्द आवाज येत असेल किंवा पाय दिल्यावर फरशी दबत असेल, तर फायबरच्या आतलं प्लायवूड कुजलेलं असण्याची शक्यता आहे. बोल्टच्या भोकात स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून बघावं. भुसा किंवा ओला चुरा बाहेर आला तर आधी फरशीची दुरुस्ती करावी लागेल. कुजक्या फरशीवर नवी सीट बसवली तर ती पहिल्या जोरदार लाटेला हलायला लागते.

जुनं कव्हर फेकू नये, कारण नव्याचा फर्मा तेच आहे. शिवणी उसवून तुकडे वेगळे करावेत, त्यांवर नंबर घालावेत आणि पुठ्ठ्यावर ठेवून आखून घ्यावेत. मात्र जुनं रेक्झीन बसून बसून ताणलेलं असतं. कडा जुळवून मगच मापं पक्की करावीत.

पाट: ‘मरीन’ शब्दावर विसंबू नका

सीटचा पाट बहुतेक वेळा प्लायवूडचा असतो. पुण्यात प्लायवूडसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट प्रसिद्ध आहे. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘मरीन’ हे शब्द सहज वापरले जातात. खरी खूण म्हणजे शीटवर छापलेलं आयएसआय चिन्ह आणि त्यासोबतचा ‘आयएस ७१०’ हा क्रमांक. या मानकाच्या प्लायवूडचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे थर सुटतात का हे तपासलं जातं. ‘आयएस ३०३’ हा घरातल्या सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचा क्रमांक आहे. बोटीसाठी तो पुरेसा नाही.

आयएस ७१० म्हणजे पाणी अजिबात शिरत नाही असंही नाही. त्यातला गोंद सुटत नाही इतकंच. लाकूड कापलेल्या कडेतून आणि भोकांतून पाणी पितंच. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाट आकारात कापावा, मग बोल्टची भोकं पाडावीत, पाणी निचरण्यासाठी ६ ते ८ मिलिमीटरची तीन-चार भोकं ठेवावीत आणि हे सगळं झाल्यावर इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. कडा आणि भोकांच्या आतल्या भिंतींना सर्वांत जास्त इपॉक्सी लागते. आधी रंगवून मग भोकं पाडली तर रंगवण्याचा उपयोग राहत नाही.

एका माणसाच्या सीटला १२ मिलिमीटर जाडी पुरते. लांब बाकाला मधे आधार द्यावा लागतो.

फोम: मऊपणा आणि पाण्याचा निचरा

फोमचे ढोबळ दोन प्रकार असतात. उघड्या छिद्रांचा फोम म्हणजे गादीतला नेहमीचा स्पंज. तो मऊ असतो, पण पाणी शोषतो. बंद छिद्रांचा फोम पाणी घेत नाही, पण बसायला कडक लागतो. योगासनांच्या मॅटसारखा तो हाताला जाणवतो.

दोन्हींचा मेळ घातला तर चांगली सीट बनते. खाली पाटाला चिकटवलेला २० ते २५ मिलिमीटरचा बंद छिद्रांचा थर, त्यावर ५० ते ७५ मिलिमीटरचा मऊ थर. वरच्या थरासाठी बोटींकरता खास मोठ्या छिद्रांचा, पाणी झटकन खाली सोडणारा फोम मिळतो. तो महाग असतो, पण उघड्या बोटीत पैसे वसूल होतात. तो मिळाला नाही तर जास्त घनतेचा साधा पीयू फोम वापरता येतो. मात्र मग निचऱ्याची भोकं आणि खालची जाळी यांत तडजोड चालत नाही. खालच्या थरालाही पाटाच्या भोकांसमोर भोकं पाडावीत, नाहीतर वरचं पाणी तिथेच अडेल.

पुष्कळ ठिकाणी फोम प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर कव्हर चढवतात. कल्पना बरी वाटते, पण घर्षणाने पिशवीला भोक पडतंच. त्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. पाणी पूर्णपणे अडवणं जमत नसेल तर ते लवकर बाहेर जाऊ द्यावं, हाच बोटीच्या सीटचा मूळ नियम आहे.

फोम कव्हरच्या मापापेक्षा सगळीकडून ५ ते १० मिलिमीटर मोठा कापावा. तरच रेक्झीन ताठ बसतं आणि सुरकुत्यांत पाणी साचत नाही.

रेक्झीन, दोरा आणि शिवण

गाड्यांचं सामान, सीट कव्हर वगैरेंसाठी पुणेकर नाना पेठेत जातात. रेक्झीन निवडताना ते उलटं करून बघावं. मागे सुती कापड असेल तर ते ओल धरतं आणि कुजतं. पॉलिस्टरचं विणलेलं कापड चांगलं. ‘मरीन’ दर्जाच्या रेक्झीनमध्ये ऊन आणि बुरशी यांना तोंड देणारी रसायनं घातलेली असतात. रंग फिकट घ्यावा. काळ्या किंवा गडद निळ्या सीटवर मे महिन्याच्या दुपारी हाफ पँटमध्ये बसणं म्हणजे शिक्षाच आहे. शिवाय गडद रंग जास्त तापतो आणि लवकर कडक होतो.

दोरा पॉलिस्टरचाच हवा. सुती दोरा कुजतो. नायलॉन मजबूत असतो, पण उन्हात पॉलिस्टरइतका टिकत नाही. टाके ४ ते ५ मिलिमीटरचे असावेत. बारीक टाके म्हणजे मजबूत शिवण हा समज इथे उलटा पडतो. रेक्झीनमध्ये पडलेलं सुईचं भोक बुजत नाही. भोकं जवळजवळ पडली तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी रेघ तयार होते आणि रेक्झीन तिथेच फाटतं. शक्य तितक्या शिवणी बाजूला घ्याव्यात. बसण्याच्या सपाट भागावर शोभेची शिवण घातली तर तिच्यातून पाणी आत जायला वाट मिळते.

कव्हर चढवण्याआधी रेक्झीन थोडा वेळ उन्हात ठेवलं की मऊ होतं आणि नीट ताणता येतं. स्टेपल मारताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर एक-एक, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे आणि कोपरे शेवटी. सीटच्या खालच्या बाजूला प्लॅस्टिकची जाळी लावावी, म्हणजे हवा खेळती राहते.

कारागिराला काय सांगायचं?

रिक्षा आणि गाडीच्या सीट शिवणाऱ्या कारागिराचा हात तयार असतो. त्याला शिवण शिकवायची गरज नाही. त्याच्या नेहमीच्या सामानातलं काय वापरायचं नाही, एवढंच आधी स्पष्ट करावं:

- लोखंडी स्टेपल नकोत, स्टेनलेस स्टीलच्या हव्यात.
- कडेला आकार देण्यासाठी लोखंडी तार नको.
- पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड कुठेही नको.
- आत कापूस, काथ्या किंवा फोमचा चुरा नको.
- पायपिनच्या आत सुतळी नको, प्लॅस्टिकची दोरी हवी.
- चेन लावायची असेल तर प्लॅस्टिकची.
- खालची भोकं रेक्झीनने झाकायची नाहीत.

शक्य असेल तर आधी एकच सीट करून घ्यावी. ती बोटीत लावून, पाणी ओतून, तासाभराने उचलून बघावी. निचरा नीट होत असेल तर बाकीच्या कराव्यात.

बसवताना: स्क्रू नको, बोल्ट हवा

पाठीला टेकणारी सीट ही एक तरफ असते. समजा प्रवासी मागे रेलला आणि ४० सेंटीमीटर उंचीवर ३० किलोचा जोर पडला. पुढच्या आणि मागच्या बोल्टमधलं अंतर ३० सेंटीमीटर असेल, तर पुढचे बोल्ट ४० किलोच्या जोराने वर ओढले जातात. बोट लाटेवरून उडून आदळली की हा जोर आणखी वाढतो. लाकडात पिळलेला स्क्रू अशा ओढीने हळूहळू सैल होतो. म्हणून आरपार बोल्ट, खालून रुंद वायसर किंवा धातूची पट्टी आणि न सुटणारा नायलॉनचा नट वापरावा.

गोड्या पाण्यात ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील चालतं. बोट कोकणात खाऱ्या पाण्यावर न्यायची असेल तर ३१६ घ्यावं. बोल्टला चुंबक जोरात चिकटलं, तर तो लोखंडावर मुलामा दिलेला असण्याची शंका घ्यावी.

फरशीच्या आत प्लायवूड असेल तर बोल्टचं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरावं आणि वाळल्यावर त्यातूनच योग्य मापाचं भोक पाडावं. मग बोल्टभोवतीचं सील गळलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. सीलसाठी बोटींचं पॉलियुरेथेन सीलंट वापरावं. बाथरूमचं सिलिकॉन लावलं तर पुढे त्या जागेवर रंग किंवा रेझिन धरत नाही.

सीटची उंची वाढवण्याचा मोह टाळावा. सहा माणसांचं मिळून ४२० किलो आणि बोटीचं इंजिनासह ४०० किलो वजन धरलं, तर सीट १५ सेंटीमीटर वर घेतल्याने सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य जवळजवळ ८ सेंटीमीटर वर सरकतो. लहान बोटीला हा फरक वळताना जाणवतो.

काम कधी काढावं?

पावसाळ्यात बोट बंदच असते, तेव्हा सीट जूनमध्ये काढून कामाला लावणं सोयीचं. कापणं, आखणं, शिवणं छपराखाली होऊ शकतं. इपॉक्सीचं काम मात्र पाऊस सुरू होण्याआधी उरकावं. दमट हवेत तिच्यावर मेणासारखा थर येतो आणि तो धुऊन काढल्याशिवाय पुढचा हात नीट बसत नाही. सीट परत बसवायला ऑक्टोबरची कोरडी हवा चांगली.

बोट नोंदणीकृत असेल, आणि विशेषतः ती प्रवाशांसाठी चालत असेल, तर सीटची संख्या किंवा जागा बदलण्याआधी विचारून घ्यावं. देशांतर्गत जलाशयांवरच्या यांत्रिक बोटींना १९१७ च्या कायद्याच्या जागी आलेला २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट लागू होतो आणि राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहे. जुन्या जागी तशीच सीट बसवणं ही दुरुस्ती झाली. एक सीट वाढवणं म्हणजे बोटीची क्षमता बदलणं.

सगळं झाल्यावर प्रवासी बसवण्याआधी एकदा काठाजवळ, कमी पाण्यात बोट न्यावी. दोन माणसांनी प्रत्येक सीट धरून चारही दिशांना हलवून बघावी. एखादी जरी कुरकुरली तर बोल्ट पुन्हा उघडावेत. पहिल्या महिन्यानंतर सगळे नट एकदा कसावेत. एरवी सौम्य साबणाच्या पाण्याने सीट धुवाव्यात. थिनर किंवा पेट्रोल लावू नये, कारण त्याने रेक्झीनचा मऊपणाच निघून जातो. बोट उभी असताना वर आच्छादन घालावं, पण दोन्ही टोकांना वारा खेळेल इतकी फट ठेवावी.